किलोचे लिटर करताना: इंजिनाच्या इंधनखपाचा हिशेब पायरीपायरीने

इंजिनाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर खप लिहिलेला असतो ग्रॅममध्ये. टाकीची पट्टी लिटरमध्ये आखलेली असते आणि डिझेलचे बिलही लिटरवरच येते. मांडवी-झुआरीतल्या बार्जवर नव्याने इंजिन रूममध्ये उतरलेला पोरगा असो, कुटबण किंवा मालीमच्या जेटीवर ट्रॉलरचे इंजिन सांभाळणारा असो, की वेर्ण्याच्या कारखान्यात जनरेटरवर लागलेला डिप्लोमावाला, पहिल्या महिन्यातच त्याला कुणीतरी विचारतो, ‘हे इंजिन तासाला किती लिटर खाते?’ तो कागदावरचा आकडा घेतो, ०.८५ ने भागतो आणि उत्तर देतो. महिनाअखेरीस टाकी वेगळेच काहीतरी सांगते. मग संशय चोरीवर जातो, नोझलवर जातो, कधी कधी माणसावर जातो. माणसावर संशय जाण्याआधी हिशेब नीट झालेला असावा, एवढ्यासाठी हा लेख.

भागाकार शाळेतलाच आहे: किलो प्रति तास भागिले घनता बरोबर लिटर प्रति तास. चूक भागाकारात होत नाही. ती होते घनतेत, आणि घनता चुकते ती तापमानामुळे. डिझेलच्या कागदावरची घनता १५ अंश सेल्सिअसची असते आणि गोव्यातल्या टाकीत डिझेल १५ अंशांवर कधी सापडत नाही.

काय काय जवळ हवे

कागद: इंजिनाचे टेस्ट सर्टिफिकेट किंवा कंपनीचा डेटा शीट (वेगवेगळ्या लोडवरचा खप दिलेला), डिझेल आले त्या दिवशीची पावती किंवा चलन (त्यावर १५ अंशांची घनता असते), टाकीचा कॅलिब्रेशन चार्ट (कुठल्या पातळीला किती लिटर, हे सांगणारा) आणि एएसटीएमचा ५३बी तक्ता (मोजलेली घनता १५ अंशांवर आणून देणारा).

साधने: ८०० ते ८५० पट्टीचा हायड्रोमीटर, ५०० मिलिलिटरचा काचेचा जार, अर्ध्या अंशापर्यंत वाचता येईल असा थर्मामीटर, घड्याळ, कॅल्क्युलेटर. टाकीला तापमापक नसेल तर दोरी बांधलेला पितळी नमुनापात्र-थर्मामीटर मिळतो, तो घ्या.

१. आधी ठरवा, कुठला लिटर हवा आहे

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. किलो कुठेही गेला तरी किलोच राहतो. लिटर मात्र तापमानाबरोबर फुगतो. त्यामुळे एकाच खपाचे तीन वेगळे लिटर निघू शकतात आणि तिन्ही बरोबर असतात.

पहिला, १५ अंशांचा लिटर. दोन महिन्यांची किंवा दोन इंजिनांची तुलना करायची असेल तर हा. दुसरा, विकत घेतलेला लिटर. पंपावर किंवा टँकरमधून मोजून दिलेला लिटर हा त्या वेळच्या तापमानाचाच असतो, पंप तापमानाची दुरुस्ती करून देत नाही. पैशांचा हिशेब मांडायचा तर हा. तिसरा, डे टँकमधला, म्हणजे इंजिनाला थेट डिझेल पुरवणाऱ्या छोट्या टाकीतला लिटर. इंजिन रूममध्ये डे टँक ४० अंशांच्या पुढे सहज जातो. पट्टी किंवा साइट ग्लास (टाकीतली पातळी दाखवणारी काचनळी) पाहून खप ताडायचा असेल तर हा.

मालकाने आकडा मागितला की आधी विचारा, कशासाठी हवा आहे. आणि लिहिताना लिटरपुढे तापमान लिहायची सवय लावून घ्या: ‘५३.७ लिटर (४२ अंशांवर)’. अर्धे वाद तिथेच संपतात.

२. कागदावरून किलो प्रति तास काढा

सर्टिफिकेटवर खप ग्रॅम प्रति किलोवॅट-तास असा असतो. त्याला इंजिनाच्या शक्तीने गुणा, १००० ने भागा, झाले किलो प्रति तास.

पुढचा सगळा लेख मी एकाच उदाहरणावर चालवतो. समजा, बार्जचे इंजिन २८० किलोवॅटचे आहे आणि भरलेल्या फेरीत ते ७५ टक्के लोडवर चालते, म्हणजे २१० किलोवॅट. ७५ टक्क्यांवरचा खप कागदावर २०८ ग्रॅम दिला आहे.

२१० × २०८ = ४३,६८० ग्रॅम, म्हणजे ४३.६८ किलो प्रति तास.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

एक, लोड. ७५ टक्क्यांवर इंजिन चालत असताना १०० टक्क्यांचा आकडा घेऊ नका. खप लोडप्रमाणे बदलतो, आणि कमी लोडवर प्रत्येक किलोवॅटमागे जास्त इंधन जळते.

दोन, हॉर्सपॉवर. जुन्या ट्रॉलरच्या इंजिनांवर खप ग्रॅम प्रति एचपी-तास असा असतो. मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे ०.७३५५ किलोवॅट आणि ब्रिटिश हॉर्सपॉवर म्हणजे ०.७४५७ किलोवॅट. १५० ग्रॅम प्रति मेट्रिक एचपी-तास हे २०४ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास होतात. १५० हाच आकडा किलोवॅटला लावलात तर इंजिन अशक्य इतके काटकसरी दिसेल. आजच्या चांगल्या डिझेल इंजिनाचा आकडा साधारण १९० ते २३० च्या आसपास असतो. त्याच्या फार खाली उत्तर आले तर एकक तपासा.

तीन, जनरेटर. पॅनेलवर दिसतात ते किलोवॅट अल्टरनेटरच्या पलीकडचे, विजेचे. इंजिनाच्या शाफ्टवर त्याहून जास्त लागतात. पॅनेलवर ६० किलोवॅट दिसत असतील आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता ९२ टक्के असेल, तर इंजिन ६०/०.९२ म्हणजे ६५.२ किलोवॅट देत असते. इंजिनाचा खप ६० ला गुणलात तर ८ टक्के कमी आकडा येईल. आणि केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे: १२५ केव्हीएचा सेट ०.८ पॉवर फॅक्टरवर १०० किलोवॅटचा असतो.

चार, सूट. पुष्कळ सर्टिफिकेटांवर आयएसओ ३०४६ (इंजिन चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरात ‘+५ टक्के’. इंधनाचे उष्मांक मूल्य ४२,७०० किलोज्यूल प्रति किलो आणि हवा २५ अंशांची धरून तो आकडा दिलेला असतो. म्हणजे २०८ लिहिलेल्या इंजिनाने २१८ खाल्ले तरी कंपनीच्या लेखी ते ठीक आहे. म्हणून मी नेहमी दोन आकडे काढतो: आपल्या उदाहरणात ४३.७ आणि ४५.९ किलो प्रति तास. त्यांच्या मध्ये कुठेही आलात तर इंजिनाला दोष देऊ नका.

३. घनता स्वतः मोजा

पावतीवर १५ अंशांची घनता असते, मग मोजायची कशाला? कारण टाकीत जुने आणि नवे डिझेल मिसळलेले असते. बीएस-६ डिझेलची घनता आपल्या मानकाप्रमाणे १५ अंशांवर ८१० ते ८४५ किलो प्रति घनमीटर या पट्ट्यात कुठेही असू शकते. या दोन टोकांमध्येच ४ टक्क्यांहून जास्त अंतर आहे. सगळीकडे फिरणारा ०.८५ हा आकडा तर या पट्ट्याच्या बाहेरच पडतो!

जार स्वच्छ आणि कोरडा करा, मग टाकीतल्याच थोड्या डिझेलने विसळून ओता. नमुना टाकीच्या मधल्या थरातला घ्या. तळाला पाणी आणि गाळ असतो. जारमध्ये डिझेल बाजूने, हळू ओता, फेस आणि बुडबुडे जाऊ द्या. जार सपाट जागी, वाऱ्याच्या आणि उन्हाच्या आड ठेवा. हलत्या बार्जवर हे काम होत नाही, नमुना घेऊन जेटीवर उतरा.

थर्मामीटर बुडवून डिझेल हलके ढवळा आणि तापमान घ्या. मग हायड्रोमीटर देठाला धरून आत सोडा, किंचित फिरवा म्हणजे तो काचेला चिकटणार नाही. स्थिर झाल्यावर डोळा द्रवाच्या पातळीला आणा. डिझेल देठाला चिकटून किंचित वर चढलेले दिसते. ती कड वाचायची नाही. सपाट पृष्ठभाग पट्टीला जिथे छेदतो ती रेघ वाचायची. नवखा माणूस वरून बघतो आणि एक-दोन रेघा चुकतो. शेवटी तापमान पुन्हा बघा. अर्ध्या अंशाहून जास्त बदलले असेल तर सगळे पुन्हा करा.

आपल्या उदाहरणात समजा ३१ अंशांवर ८२१.५ वाचले.

हेच ५३बी तक्त्यात टाकून १५ अंशांवर आणता येते. तक्ता हाताशी नसेल तर डिझेलसाठी दर अंशाला ०.७ किलो प्रति घनमीटर धरा. गरम झाले की घनता कमी, थंड झाले की जास्त. ३१ वरून १५ म्हणजे १६ अंश. १६ × ०.७ = ११.२, म्हणून १५ अंशांवर ८३२.७. पावतीवर समजा ८३२ असेल, तर नमुना जुळला. पंपावर नोंदलेल्या घनतेत आणि मोजलेल्या घनतेत ३ किलो प्रति घनमीटरपर्यंत फरक मान्य असतो. त्याहून जास्त फरक आला तर डिझेल उतरवून घेण्याआधीच थांबा आणि विचारा. पंपावर घनता तपासून मागणे हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे. जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर ठेवावाच लागतो.

०.७ चा ठोकताळा रोजच्या कामाला पुरतो. पैशांचा किंवा वादाचा मामला असेल तर तक्ताच वापरा.

४. घनता हव्या त्या तापमानावर आणा

आता पहिल्या पायरीत ठरवलेला लिटर आठवा. डे टँकचा हवा असेल तर डे टँकचे तापमान घ्या. हवेचे नको, इंजिन रूमचेही नको, डिझेलचेच. समजा ४२ अंश निघाले.

१५ ते ४२ म्हणजे २७ अंश; २७ × ०.७ = १८.९, ८३२.७ − १८.९ = ८१३.८ किलो प्रति घनमीटर, म्हणजे ०.८१३८ किलो प्रति लिटर.

एकके इथेच गोंधळ घालतात. किलो प्रति लिटर, ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि टन प्रति घनमीटर या तिन्हींचा आकडा एकच असतो. किलो प्रति घनमीटरचा आकडा त्याच्या हजारपट. परदेशी कागदावर ‘एपीआय’ लिहिलेले दिसले तर ती घनता थेट वापरू नका. तो वेगळाच मापदंड आहे आणि त्यात आकडा वाढला की तेल हलके होते.

५. भागा

| कुठला लिटर | घनता (किलो/लिटर) | लिटर प्रति तास |
|---|---|---|
| १५ अंशांचा | ०.८३२७ | ५२.५ |
| खरेदीचा, ३१ अंश | ०.८२१५ | ५३.२ |
| डे टँकचा, ४२ अंश | ०.८१३८ | ५३.७ |

०.८५ ने भागले असते तर ५१.४ आले असते. डे टँकच्या खऱ्या आकड्यापेक्षा तासाला सव्वादोन लिटर कमी. बारा तासांच्या फेरीत ते २७ लिटरच्या पुढे जातात. कुणी काही चोरलेले नसते, तरी कागदावर तेवढे डिझेल ‘गायब’ झालेले असते.

उत्तर उलटे तर आले नाही ना, हे एका नजरेत कळते: डिझेल, पेट्रोल, रॉकेल ही सगळी पाण्यापेक्षा हलकी, म्हणून लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा मोठाच यायला हवा. लहान आला तर तुम्ही भागायच्या ऐवजी गुणले आहे.

पेट्रोलसाठी आपल्या मानकात १५ अंशांवर ७२० ते ७७५ चा पट्टा आहे. आउटबोर्ड मोटारवाल्यांनी तो धरावा, डिझेलचा नको. पेट्रोल तापमानाने डिझेलपेक्षा जास्त फुगते, तेव्हा ०.७ चा ठोकताळाही तिथे चालणार नाही.

६. टाकीवर ताडून पाहा

कागदावरचे उत्तर टाकीवर तपासल्याशिवाय वहीत पक्के करू नका. समजा डे टँक आतून ८० सेंटिमीटर × ६० सेंटिमीटरचा, सरळ भिंतींचा आहे. म्हणजे दर सेंटिमीटरला ४,८०० घनसेंटिमीटर, ४.८ लिटर. ५३.७ लिटर प्रति तास म्हणजे पातळी तासाला ११.२ सेंटिमीटर उतरायला हवी. कंपनीची ५ टक्के सूट धरली तर ११.७ पर्यंत.

साइट ग्लासवर खडूने रेघ मारा, वेळ लिहा. डे टँक भरणारा ट्रान्सफर पंप बंद आहे आणि त्याचा व्हॉल्व्हही बंद आहे, हे हाताने तपासा. लोड तासभर एकसारखा ठेवा. बार्ज एका अंगाला कललेली असेल किंवा लाटांवर डुलत असेल तर हे मोजमाप फसते. भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी, नदीच्या सरळ पट्ट्यात करा. अर्ध्या तासाच्या मोजणीवर भरवसा ठेवू नका, किमान तास घ्या.

जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत ट्रॉलर बंद असतात आणि इंजिने उघडली जातात. ओव्हरहॉलच्या आधी एकदा आणि नंतर ऑगस्टमध्ये एकदा हा प्रयोग त्याच लोडवर केलात, आणि दोन्ही वेळा आकडा १५ अंशांच्या लिटरमध्ये आणून ठेवलात, तर खर्च केलेल्या पैशांचे काय झाले हे नेमके दिसते. ऑगस्टच्या पावसात आणि मे महिन्याच्या उन्हात टाकीचे तापमान वेगळे असते, म्हणून इथे डे टँकचा लिटर चालत नाही.

७. दोन मीटरवाली लाइन असेल तर

हा भाग नीट वाचा, कारण सर्वांत मोठी चूक इथे होते आणि ती कुणाला दिसत नाही.

इंजिनाला जेवढे डिझेल जाते तेवढे जळत नाही. बरेचसे पंप आणि इंजेक्टर थंड करून परत येते. म्हणून जाणाऱ्या लाइनवर एक आणि परतीच्या लाइनवर एक मीटर बसवतात आणि वजाबाकी करतात. पण परत येणारे डिझेल गरम असते, फुगलेले असते. फुगलेले लिटर थंड लिटरमधून वजा केले की खप कमी दिसतो.

आकडे बघा. जाताना ३०० लिटर प्रति तास, ३२ अंश. येताना २४० लिटर प्रति तास, ६० अंश. १५ अंशांवर घनता ८३२. सरळ वजाबाकी: ६० लिटर. आता वजनाने करा. ३२ अंशांवर घनता ०.८२०१, म्हणून गेले २४६.० किलो. ६० अंशांवर ०.८००५, म्हणून आले १९२.१ किलो. जळले ५३.९ किलो, म्हणजे ३२ अंशांचे ६५.७ लिटर.

तासाला साडेपाच लिटरहून जास्त फरक, मीटर दोन्ही अगदी बरोबर असताना! कारण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करून लहान आकडा काढला की मोठ्यांमधली छोटी चूक लहानात ठळक होते. त्यामुळे नियम एकच: दोन्ही लाइनींना आपापले तापमान, दोन्हींचे आधी किलो, मग वजाबाकी, आणि शेवटी लिटर. मीटर आपोआप तापमान दुरुस्त करणारा आहे का, आणि करत असेल तर कुठल्या तापमानावर, हे त्याच्या पुस्तिकेत पाहा. कोरिओलिस मीटर थेट वजनच मोजतो. तो असेल तर ही अडचणच येत नाही. पण तो महाग असतो आणि आपल्याकडच्या जुन्या बार्जवर क्वचितच दिसतो.

परतीची लाइन त्याच डे टँकमध्ये पडत असेल तर सहाव्या पायरीतली पातळीची मोजणी जास्त विश्वासाची. तिथे परतीचा हिशेब टाकी स्वतःच करते.

गॅस असेल तर

हॉटेलच्या किचनमध्ये किंवा बॉयलरवर गॅस असेल तर घनतेला दाब आणि तापमान दोन्ही जोडावे लागतात. दाब लिहिलेला नाही असा घनमीटरचा आकडा स्वीकारूच नका.

एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. १५ अंशांवर आणि वातावरणाच्या दाबावर प्रोपेनची वाफ घनमीटरला साधारण १.९ किलो, ब्युटेनची साधारण २.५ किलो. समजा मिश्रणाचा आकडा २.२ आहे आणि बर्नर तासाला ६ किलो घेतात. मग ६/२.२ = २.७ घनमीटर. पण मीटर १ बार गेज दाबावर आणि ३० अंशांवर बसवला असेल तर तिथली घनता २.२ × (२.०१३/१.०१३) × (२८८/३०३) = ४.१६ किलो प्रति घनमीटर होते, आणि मीटर तासाला १.४ घनमीटरच दाखवतो. गॅस तोच, वजन तेच. सूत्रात गेज दाब नव्हे तर त्यात वातावरणाचा दाब मिळवून आलेला दाब घ्यायचा, आणि तापमानात २७३ मिळवायचे. मिश्रणाचे प्रमाण पुरवठादाराकडून लिहून घ्या.

सीएनजी किलोवर विकतात आणि पाइपचा गॅस एससीएमवर, म्हणजे १५ अंश आणि १.०१३२५ बार दाबावरच्या घनमीटरवर. शुद्ध मिथेनचा तो आकडा घनमीटरला ०.६८ किलो, पाइपमधल्या गॅसचा त्याहून थोडा जास्त.

वहीत काय लिहायचे

दर नोंदीला ही ओळ पूर्ण भरा: तारीख, लोड (किलोवॅट आणि टक्के), किलो प्रति तास, मोजलेली घनता आणि तिचे तापमान, १५ अंशांची घनता, टाकीचे तापमान, लिटर प्रति तास आणि तो लिटर कुठल्या अंशांचा. रकाने छापून घेतले तर उत्तम, नाहीतर पट्टीने आखा. जारमध्ये मोजलेला मूळ आकडा खोडू नका, दुरुस्त केलेला आकडा त्याच्या शेजारी लिहा. सहा महिन्यांनी कुणी हिशेब तपासायला आला तर त्याला मूळ वाचनच लागते. नवे डिझेल टाकीत पडले की घनता पुन्हा मोजा. थोडेसेच भरले असले तरी मोजा, आणि मोजण्याआधी डिझेल मिसळायला थोडा वेळ द्या.